सिसिलीतले तीस फर वृक्ष: रोपं हजारांनी करता येतात, मग लावून का टाकत नाहीत?

पानझड (धागाकर्ता)

सिसिलीच्या उत्तर भागात मादोनिये नावाची डोंगररांग आहे. तिथे पोलिझ्झी जेनेरोझा गावाच्या वरच्या अंगाला, साधारण १,४०० ते १,७०० मीटर उंचीवर, आबिएस नेब्रोदेन्सिस हा सूचिपर्णी फर वृक्ष तग धरून आहे. नैसर्गिकरीत्या जगात दुसरीकडे कुठेही नाही. मोठी झाडं जेमतेम तीस. १९०० च्या सुमारास ही जात संपली असंच सगळे धरून चालले होते, १९५७ साली पुन्हा सापडली. आययूसीएन या निसर्गसंवर्धनाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या लाल यादीत ती धोक्याच्या सर्वात वरच्या, म्हणजे अतिसंकटग्रस्त गटात आहे.

प्रश्न सरळ आहे. या झाडाला शंकू येतात, बी येतं, रोपवाटिकेत रोपं होतात. मादोनिये १९८९ पासून प्रादेशिक उद्यान आहे, म्हणजे जागेचाही वांधा नाही. मग साठ-पासष्ट वर्षांत तिसाची तीनशे का झाली नाहीत? खड्डे काढा, लावा, कुंपण घाला. घोडं पेंड खातंय कुठे? की तीसच राहिलेली बरी, म्हणजे प्रकल्प चालू राहतात? (काडी टाकून ठेवली आहे.)

खडूस माळी

आमच्याकडे दर जुलैत तिसाची तीस लाख होतात, कागदावर. खड्डे तेच, रोपं नवी, फोटो नवा. ही विद्या सिसिलीला पाठवून द्या.

पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

बीजराखी

काडी टाकलीच आहे तर फुंकर घालतो. अडतं ते बियांत.

फर वाऱ्यावर परागण करतो. नर फुलोरे झाडाच्या मधल्या-खालच्या फांद्यांवर, मादी शंकू शेंड्याकडे. दाट जंगलात शेजारच्या पन्नास झाडांचा पराग वर पोचतो. इथे झाडं विखुरलेली आहेत, शेजारी बहुतेक बीच आणि ओक. म्हणून शेंड्यावरच्या शंकूला जो पराग मिळतो तो मुख्यतः त्याच झाडाचा. स्वपरागणातले बरेच गर्भ आतच मरतात आणि बी पोकळ निघतं. जे जगतात त्यांची वाढ रखडते.

म्हणजे 'बी येतं' हे खरं, पण मूठभर बी हातात घेतलं तर त्यातलं बरंचसं टरफल असतं, आणि भरलेल्या बियांतही निम्म्याहून जास्त स्वतःचीच पोरं असू शकतात. अशी रोपं डोंगरावर लावली की झाडांचा आकडा वाढतो, पण कमकुवत झाडांचा.

तिरपागडा

असहमत. कित्येक झाडं स्वपरागणावर पिढ्यान्‌पिढ्या जगतात. गहू, भात, वाटाणा. त्यांचं काय वाकडं झालं?

बीजराखी

@तिरपागडा, भात-गव्हाने हजारो पिढ्या स्वपरागण केलंय, त्यात घातक जनुकं उघडी पडून कधीच गाळली गेली. फरसारखं वाऱ्यावर परपरागण करणारं, दीर्घायुषी झाड असली जनुकं दडवून बाळगतं. दोन प्रतींपैकी एक चांगली असली की भागतं. स्वपरागणाच्या एकाच पिढीत अशा दडलेल्या जोड्यांपैकी निम्म्या एकसारख्या होतात, आणि जे झाकलेलं होतं ते बाहेर पडतं. गाळणी लागेल हे खरं, पण तीस झाडांत गाळायला उरतं काय?

खडूस माळी

सगोत्र विवाहावरून इतकी भांडणं पाहिली, इथे तर नवरा-नवरी एकच!

देवराईवाला

+१ बीजराखी. अजून एक जुनी भानगड आहे, ती सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. मादोनियेत गेल्या शतकात वनीकरण झालं तेव्हा मुख्य भूमीवरचा पांढरा फर आणि ग्रीसचा फर हेही लावले गेले. फरच्या जाती आपसांत सहज संकर करतात. म्हणून जुन्या रोपांमध्ये काही शुद्ध, काही संकरित. डोळ्यांनी ओळखायचं तर अस्सल झाडाच्या सुया आखूड, ताठ आणि बोथट असतात. फांद्या काटकोनात फुटतात, त्यावरून सिसिलियन बोलीत त्याला 'क्रूस-क्रूस झाड' अशा अर्थाचं नाव आहे. पण तीन वर्षांच्या रोपावर ही लक्षणं भरवशाची नसतात. सावलीतल्या रोपाची सुई लांब आणि मऊ होते, उन्हातल्याची आखूड. तिथे डीएनए खुणाच लागतात.

म्हणून क्रम असा पडतो: आधी आसपासचे परके फर काढायचे, मग बी गोळा करायचं, रोपं झाली की प्रत्येकाची जनुकीय तपासणी, आणि मगच कुदळ. क्रम उलटा झाला तर आपणच डोंगरावर संकर पेरून ठेवतो.

सांजवेळ

एक भाबडा प्रश्न. एवढे कष्ट घेण्यापेक्षा संकर झालेला काय वाईट? झाड जोमदार असेल तर चांगलंच की.

देवराईवाला

भाबडा अजिबात नाही, यावर खरोखर दोन तट आहेत. सिसिलीतच दुसरं उदाहरण पाहा. पश्चिमेला त्रापानीच्या किनाऱ्यावर एक कॅलेंडुला (झेंडूच्या कुळातलं फुलझाड) आहे, सागरी कॅलेंडुला म्हणू. पानांना उग्र वास, चिकट लव, लाटांचे तुषार पोचतात तेवढ्याच पट्ट्यात वाढतो. त्याचा जवळचा नातलग आतल्या जमिनीवर, रस्त्याकडेला मुबलक आहे. मधमाश्या दोन्हींवर बसतात. संकर होतो, संकराचा पुन्हा नातलगाशी संकर होतो, आणि काही पिढ्यांत किनाऱ्यावर 'कॅलेंडुला' असतोच, पण तो नसतो. लाल यादीतली जात न मरता नाहीशी होते. फरच्या बाबतीत भीती तीच, फक्त झाडाची पिढी मोठी असल्यामुळे ते सावकाश घडेल.

अवांतर: त्या किनाऱ्यावर दुसरा शत्रू म्हणजे दक्षिण आफ्रिकेतून आणलेला मांसल पानांचा कार्पोब्रोटस. तो उपटताना तुकडा राहिला की पेऱ्यातून पुन्हा मुळं धरतो. म्हणून हाताने, मुळासकट, आणि उपटलेला ढीग जमिनीला टेकणार नाही असा उंच ठेवून सुकवायचा. फळं उंदीर आणि ससे खातात, विष्ठेतून बी पसरतं. त्यामुळे एकदा साफ करून भागत नाही, पुढची काही वर्षं फेऱ्या माराव्या लागतात.

कातळफूल

संकर टाळायचा, स्वपरागणही टाळायचं. मग उरतो हाताने परागण हाच मार्ग ना? ते प्रत्यक्षात कसं करतात? जरा इस्कटून सांगा.

बीजराखी

सांगतो. पद्धत फरच्या कुठल्याही जातीला जवळपास तीच.

पराग आधी. नर फुलोरे फुटायच्या एक-दोन दिवस आधी, पिवळसर होऊन दाबल्यावर ओलसर-भुसभुशीत लागतात तेव्हा, डहाळीसकट काढायचे. कागदावर पसरून खोलीच्या तापमानाला सुकवायचे, पराग गळला की बारीक चाळणीने चाळायचा. मग सिलिका जेलवर ठेवून ओलावा उतरवायचा, हवाबंद कुप्यांत भरून गोठवायचा. बरीच वर्षं टिकवायचा तर द्रव नायट्रोजनमध्ये, उणे १९६ अंशांना. वापरण्याआधी चिमूटभर पराग साखर आणि किंचित बोरिक आम्ल घातलेल्या माध्यमावर टाकून नळी फुटते का ते बघायचं. ही पायरी वगळली तर अख्खा हंगाम मेलेल्या परागावर घालवाल.

मादी शंकू शेंड्याकडे, त्यामुळे शिडी किंवा दोर आलाच. खवले उघडण्यापूर्वीच पिशवी चढवायची. उशीर झाला तर स्वतःचा पराग आधीच आत गेलेला असतो आणि पुढची मेहनत फुकट. पिशवी दाट विणीची, पण हवा खेळेल अशी. प्लॅस्टिकची लावली तर आतलं तापमान चढून शंकू करपतो. उघडलेल्या खवल्यांवर पिचकारीने पराग दोन-तीनदा सोडायचा, मध्ये एक-दोन दिवसांचं अंतर ठेवून, कारण एका शंकूचेही सगळे खवले एकाच वेळी तयार नसतात. खवले मिटले की पिशवी काढून टाकायची.

आणि एका पिशवीत एकच बाप. चार झाडांचा पराग मिसळून उडवला तर ज्याची नळी वेगाने वाढते तोच जिंकतो, बाकीचे तीन नावापुरते.

तिरपागडा

एका पिशवीत एकच बाप. मान्य. (पुढे काही लिहीत नाही, संपादक जागे आहेत.)

बी कधी काढायचं? पाइनचे शंकू तर वर्षभर झाडावर लटकत असतात.

बीजराखी

तिथेच फर फसवतो. पाइनचा शंकू अख्खा खाली पडतो. फरचा शंकू झाडावर उभाच राहतो आणि पिकला की खवला-खवला गळून फक्त मधली दांडी उरते. म्हणून तो त्याच वर्षी, सप्टेंबरअखेर-ऑक्टोबरमध्ये, तपकिरी व्हायला लागलेला पण अजून मिटलेला असताना काढावा लागतो. आठवडाभर लवकर काढला तर गर्भ कच्चा, आठवडाभर उशिरा गेलात तर हातात दांडी. काढलेले शंकू जाळीच्या ट्रेमध्ये, हवेशीर सावलीत, काही आठवडे पिकवतात.

बी सोलताना जपून. फरच्या बियांच्या सालीत राळेच्या पुटकुळ्या असतात. यंत्रात घालून पंख तोडले की त्या फुटतात आणि उगवण घसरते. हातानेच, चोळायचं नाही. साठवण ६ ते ८ टक्के ओलाव्याला, उणे १८ अंशांना. पेरण्याआधी साधारण चार आठवडे ओलसर वाळूत, ४ अंशांच्या आसपास. पोकळ बी ओळखायला कापून बघणं ही सर्वात सोपी चाचणी, पण त्यात बी जातं. जिथे एकेक बी मोजून मिळतं तिथे क्ष-किरण चित्र काढतात, गर्भ भरलेला आहे की नाही ते दिसतं आणि बी शाबूत राहतं.

खडूस माळी

वाखुसा (वाचनखूण साठवली आहे). आमच्या कुंडीतल्या मोगऱ्याला एवढा मान मिळाला असता तर...

आकडेमोड

एक हिशेब मांडतो, कारण वर सगळे 'तीस' म्हणतायत आणि तीस हा फसवा आकडा आहे.

समजा ३० झाडांनी पुढच्या पिढीला समान वाटा दिला. तर जनुकीय दृष्टीने प्रभावी मातावृक्ष (म्हणजे वारसा खरोखर पुढे देणाऱ्या आया) ३०. आता रोपवाटिकेत नेहमी घडतं ते धरू. तीन झाडांना भरपूर शंकू आले, गाडीरस्त्याच्या जवळ आहेत, म्हणून ८० टक्के रोपं त्या तिघांची, आणि उरलेल्या २७ मिळून २० टक्के. प्रत्येकाच्या वाट्याचा वर्ग करा, बेरीज करा, एक भागिले ती बेरीज. उत्तर येतं ४.७. म्हणजे भरपूर रोपं लावूनसुद्धा आपण तिसाचे पावणेपाच केले. धागाकर्त्यांच्या 'लावून टाका'ची ही किंमत.

उपाय कंटाळवाणा आहे. प्रत्येक झाडाची रोपं सारख्या संख्येने लावायची, जास्तीची असली तरी नाही लावायची. रोपवाटिकेतल्या माणसाला सुदृढ रोप फेकवत नाही, तिथे गाडी अडते.

पानझड

हे पावणेपाच डोक्यात बसलं. बियांचा मुद्दा मागे घेतो. पण कुंपण तरी सोपं आहे की नाही?

मेंढकोट

सोपं वाटतं. मादोनियेत फॅलो हरीण बाहेरून आणलेलं आहे आणि रानडुकरं माजलीत. दोघांच्या खोड्या वेगळ्या. हरीण वरून उडी मारतं, कोवळे शेंडे खातं, नर शिंगं घासून साल सोलतात. डुक्कर खालून घुसतं आणि माती उकरताना रोपासकट उलथतं. म्हणून जाळी निदान २ मीटर उंच, आणि खालची ३०-४० सेंटिमीटर पट्टी बाहेरच्या बाजूला वळवून जमिनीत गाडलेली किंवा खुंट्यांनी ठोकलेली. नुसती ताणून उभी केलेली जाळी डुक्कर नाकाने उचलतं. खांबांतलं अंतर ३ मीटरच्या आत, कारण तिथे बर्फ पडतो आणि ओला बर्फ जाळीवर साचून ती लोळवतो. वितळल्यावर लगेच फेरी मारून बघावी लागते. मार्चमधलं एक भोक एप्रिलमध्ये पाच वर्षांची वाढ खातं.

पण कुंपणातली खरी चूक वेगळीच असते. झाड वाचवायचं म्हणून खोडाभोवती चार-पाच मीटरचा चौकोन घालतात. बी पंखवालं, ते चौकोनाबाहेर पडतं. बाहेर उगवतं, बाहेरच खाल्लं जातं. झाड सुरक्षित आणि निपुत्रिक. कुंपण झाडाला नव्हे, रोपं उगवतात त्या जागेला घालायचं, म्हणजे आधी गुडघ्यावर बसून रोपं शोधायची आणि मग खांब कुठे ते ठरवायचं.

उंबरठा

हरणंच कमी करा ना. जाळी किती वर्षं दुरुस्त करणार?

मेंढकोट

इटलीच्या १९९१ च्या ३९४ क्रमांकाच्या कायद्याने उद्यानात शिकार बंद आहे. उद्यानाच्या देखरेखीखाली संख्या-नियंत्रण करता येतं, पण त्याला योजना, परवाने, प्रशिक्षित माणसं आणि लोकांचा राग हे सगळं सोसावं लागतं. तोवर जाळी. दोन्ही लागतात, एकाने भागणार नाही.

उंबरठा

तरी माझं मत कायम. जाळी म्हणजे तात्पुरती मलमपट्टी, आणि तात्पुरतं तीस वर्षं चालतं.

कातळफूल

लावायची जागा कोणी बोललं नाही. उघड्या गवतात लावलेलं फरचं रोप पहिल्याच उन्हाळ्यात जातं. त्याला लहानपणी अर्धी सावली हवी. मादोनियेत काटेरी गादीसारखा वाढणारा एक अ‍ॅस्ट्रागॅलस आहे, शिवाय जमिनीलगत पसरणारा जुनिपर. त्यांच्या उत्तरेच्या कडेला रोप लावलं तर दुपारचं ऊन अडतं, माती ओलसर राहते आणि चरणाऱ्या तोंडाला काटा लागतो. आई नव्हे तर दाई म्हणा. बीचच्या दाट सावलीत मात्र नको, तिथे पानांचा थर इतका जाड असतो की कोवळं मूळ खनिज मातीपर्यंत पोचायच्या आत सुकतं.

लागवड शरद ऋतूत, पहिल्या पावसानंतर. भूमध्य हवामानात पाऊस हिवाळ्यात आणि कोरड उन्हाळ्यात, आपल्या बरोब्बर उलट. जूनमध्ये खड्डा काढणारा माणूस तिथे झाड मारतो. डबा खोल घ्यायचा, मुळं गोल फिरलेली रोपं बाद.

देवराईवाला

आणि रोपवाटिकेतून जाताना मूळकूज सोबत नेऊ नका. फायटोफ्थोरा हा कूज आणणारा सूक्ष्मजीव एकदा डोंगरावर उतरला तर पावसाच्या पाण्याबरोबर उतारभर पसरतो. रोपं जमिनीवर न ठेवता जाळीच्या मांडवावर, पाणी साचू द्यायचं नाही, संशयित रोप मातीसकट नष्ट. तीस झाडांच्या मुळाशी आपणच रोग नेऊन घातला तर पुढचा धागा काढायची गरज उरणार नाही.

सांजवेळ

तापमान वाढतंय तर झाडं वर सरकतील ना?

कातळफूल

कुठे? पिझ्झो कार्बोनारा, मादोनियेचं सर्वोच्च शिखर, १,९७९ मीटर. सर्वात वरची झाडं १,७०० च्या आसपास. उरले ३०० मीटर, म्हणजे दर १०० मीटरला ०.६ अंश धरले तर दोन अंशसुद्धा नाहीत. वर कार्बोनाराचा भाग चुनखडीचा, पाणी झिरपून जाणारा. फर उभा आहे तो क्वार्ट्झच्या वालुकाश्मावर. वर जागा आहे, पण ती त्याच्या ओळखीची माती नाही.

आकडेमोड

तीसवर रडणाऱ्यांसाठी: त्याच बेटावर 'दोन'वाले झाड आहे.

पानझड

?? नीट सांगा.

आकडेमोड

झेल्कोव्हा सिक्युला. सिसिलीच्या आग्नेयेला इब्लेई टेकड्यांत, बुक्केरीजवळच्या बोस्को पिझानो जंगलात १९९१ साली सापडलं. दुसरी वस्ती मेलिल्लीजवळ, २००९ मध्ये. बऱ्याचदा दोन-तीन मीटरची झुडपं, ओढ्याच्या घळीत. मोजायला गेलात तर शेकडो खोडं. पण जनुकीय तपासणीत दिसलं की प्रत्येक वस्ती म्हणजे एकच जीव, मुळांतून फुटवे येऊन पसरलेला. म्हणजे जगात एकूण दोन. वर त्याचे गुणसूत्रांचे संच तीन आहेत. तीनची जोडी लागत नाही, म्हणून फळ धरलं तरी बी वांझ.

खडूस माळी

केळं!

आकडेमोड

अगदी तेच. खाण्याची बहुतेक केळीही त्रिगुणित, बी नाही, मुनव्यांवर चालतात. आणि केळीवर मर रोग आला की बागच्या बाग का जाते, तेही याच कारणाने.

झेल्कोव्हा हे वावळाच्या कुळातलं झाड, आपल्याकडचा वावळ त्याचा दूरचा भाऊ. बोस्को पिझानोची जमीन बेसाल्टची, सह्याद्रीवाल्यांना ओळखीची वाटेल. फरच्या धाग्यात सांगितलेलं जवळपास काहीच इथे लागू नाही. परागण नाही, बीजपेढी नाही, नवरा शोधणं नाही. फांदीची कलमं, फुटवे किंवा ऊतिसंवर्धन, बस. उन्हाळा फार कोरडा गेला की शेंडे करपतात, म्हणून जास्त ओलाव्याच्या जागी नवे छोटे गट लावणं हीच तजवीज. इथे धागाकर्त्यांचं 'लावून टाका' बऱ्यापैकी बरोबर आहे. ज्या झाडाची अवस्था जास्त वाईट त्याच्यावर सोपा उपाय चालतो, ही गंमत.

तिरपागडा

दोन्ही वस्त्यांची रोपं एकाच जागी लावायची की वेगळी?

आकडेमोड

बी होत नाही म्हणून मिसळण्याचा धोका नाही, फायदा मात्र आहे. एक जीव दुष्काळात गेला तर दुसरा राहील. फक्त कुठलं खोड कुठल्या वस्तीचं ते लिहून ठेवायचं.

पानझड

मूळ प्रश्नावर येतो. फरसाठी आतापर्यंत जमलेलं असं: परके फर काढा, पराग साठवा, पिशव्या बांधा, एक पिशवी एक बाप, सप्टेंबरअखेर शंकू, क्ष-किरण, डीएनए, सर्वांना समान वाटा, दाई झुडपाच्या उत्तरेला, दोन मीटर जाळी. रोप डोंगरावर जाईपर्यंत किती वर्षं? आणि त्या रोपाला शंकू कधी?

बीजराखी

पहिली काही वर्षं फर वर जवळजवळ वाढतच नाही, मुळावर काम करतो. चार-पाच वर्षांचं रोप बोटभर ते वीतभर, तेव्हा बाहेर काढतात. उघड्यावरच्या फरला शंकू धरायला २५-३० वर्षं सहज. १९५७ पासून हिशेब केलात तर दोन पिढ्यांची वेळ होती. दोनच.

मेंढकोट

एक राहिलं. रोपाला खूणपट्टी अॅल्युमिनियमची, ठोकून कोरलेली, आई क्रमांक आणि बाप क्रमांक. शाईची पट्टी दोन हिवाळ्यांत कोरी होते. पट्टी खोडाला आवळायची नाही, शेजारी खुंटीला तारेने, आणि तीच नोंद कागदावर जीपीएसच्या आकड्यांसह. डुकराने खुंटी उपटली तर कागदावरून रोप सापडलं पाहिजे. आईबाप माहीत नसलेलं रोप या कामात निरुपयोगी, ते पुढे कोणाच्या परागाशी जुळवायचं तेच ठरवता येत नाही.

खडूस माळी

म्हणजे पत्रिका हरवली की लग्न नाही. जाळीला खालून दगड लावले तर चालेल का, की गाडायलाच हवी?

मेंढकोट

दगड डुक्कर ढकलतं. गाडा.